सात नंबरचा पेला

आमच्या केल्दाय बेटावर माझं धरून बारा घरांत चिचा बनते. बाराही पेले माझ्यापुढे ओळीने ठेवा, कुठला कुणाच्या घरचा ते मी सांगते. ही बढाई आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मी परीक्षक म्हणून बसते त्याला बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

सफरचंदं कुटायची, रस पिळायचा, पिंपात भरून आंबू द्यायचा. एवढंच तर असतं चिचामध्ये. पण बाउदिलियो कार्कामोची बाग उतारावर आहे, तिथली चिचा पहिल्या घोटाला अशी गोड लागते की माणूस डोळे मिटतो, आणि शेवटी थोडी पोकळ वाटते. मान्सिया भावांची झाडं समुद्राला लागून, त्यांच्या पेल्यात मीठ उतरतं. ते कबूल करत नाहीत, पण उतरतं. चिगुआय म्हातारीचं पिंप चुलीच्या खोलीत असतं, तिच्या चिचाला धुराचा वास. हे सगळं जिभेवर ओळखायचं असतं. आधी गुण लिहून द्यायचे, मग एकेक पेला उचलून घराचं नाव मोठ्याने सांगायचं, आणि मग ओर्फेलिना मास्तरीण पाकीट फोडून यादी वाचते. लोक बक्षिसापेक्षा या नावं सांगण्यालाच जास्त गर्दी करतात. पोरं पैजा लावतात, एर्मिंदामावशी यंदा चुकणार म्हणून. चुकत नाही.

बक्षीस म्हणजे मान. सप्टेंबरअखेर संत मिखाएलाचा सण असतो, त्या दिवशी पहिला नंबर आलेल्या घराचं पिंप देवळाच्या ओसरीवर ठेवतात आणि प्रार्थना आटोपली की अख्खं बेट त्यातलं पितं. ज्याचं पिंप, तो त्या वर्षी पहिल्या बाकावर. ज्याच्या घरी पिंपच नाही, त्याला बाक नाही. तो दाराशी उभा राहतो. आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. पण मग माझी सून दाराशी उभी राहायला लागली.

यास्ना वाल्दिव्हिया शहरातली. तिथे ती बिअरच्या एका भट्टीत कामाला होती. माझा मुलगा नोल्बेर्तो समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर नोकरी करतो, चौदा दिवस पाण्यावर आणि सात दिवस घरी. तो तिला तीन वर्षांपूर्वी घेऊन आला. धक्क्याजवळच्या जागेत त्यांनी घर बांधलं. तिथे खारा वारा एवढा की कोबीसुद्धा धरत नाही, सफरचंदाची गोष्टच सोडा. मी म्हटलं होतं, माझ्या अंगणात बांधा. पोरगी म्हणाली, "जवळ राहून भांडण्यापेक्षा लांब राहून भेटू, सासूबाई." तोंडाची अशी. मला ती तेव्हा अजिबात आवडली नव्हती.

मागच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी तिने घरी केलेली बिअर आणली. स्पर्धेत बिअर नव्हती, तरी लोकांच्या आग्रहाखातर मी चाखली. फेस छान होता, रंग छान, वास ताज्या पावासारखा. पण माझ्या जिभेला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "दवाखान्यासारखी स्वच्छ आहे. कुणी राहत असेल असं वाटत नाही."

हॉल खदखदून हसला. बाउदिलियो तर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. यास्ना रडली नाही. तिने मला सरळ विचारलं, "काय कमी आहे?"

"कणा नाही," मी म्हटलं. "गोडाला धरून ठेवणारं तुरट काहीतरी लागतं. ते नाही."

तिने मान डोलावली आणि आपला जग उचलून पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. तिने ते वाक्य गाठीला बांधलंय, हे मला तेव्हा कळलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये सफरचंदं लागली तेव्हा मीच पुढाकार घेतला. तिच्या घरी गेले आणि म्हटलं, "माझ्या बागेतली तोडून ने. लाल, रसाळ आहेत यंदा. निदान एक पिंप भर म्हणजे बाकावर बसशील."

"नको, सासूबाई," ती म्हणाली. "तुमची घेतली तर लोक म्हणतील, ही एर्मिंदामावशीचीच चिचा."

"म्हणू देत की!"

"मला माझी हवी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहासुद्धा न घेता उठले. आठ दिवसांनी चिगुआय म्हातारीने बातमी आणली की यास्ना सफरचंदांचं मेदान घालतेय.

ही आमच्याकडची जुनी रीत. नव्या बिऱ्हाडाकडे एखादी वस्तू नसेल तर त्याने सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि येणाऱ्याने ती वस्तू घेऊन यायची. कोंबड्या नसतील तर कोंबड्यांचं मेदान, बियाणं नसेल तर बटाट्यांचं. यात मागणाऱ्याला कमीपणा नाही, देणाऱ्याचा मोठेपणा नाही. पण मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. सासूची बाग फळांनी लगडलेली, आणि ही बाई अख्ख्या बेटापुढे पदर पसरणार! म्हणजे लोकांनी काय समजायचं, मी सुनेला दोन पोती सफरचंदं दिली नाहीत?

मेदानाला रिकाम्या हाताने जाता येत नाही. म्हणून मी पोतं भरलं. कसलं भरलं ते ऐका. माझ्या डुक्करवाड्यामागे एक वाकडं झाड आहे, नवऱ्याच्या आज्याने लावलेलं. त्याला अक्रोडाएवढी, तपकिरी-हिरवी, दगडासारखी फळं येतात. एक चावा घेतला की जीभ टाळ्याला चिकटते आणि पाच मिनिटं बोलता येत नाही. डुकरंसुद्धा हुंगून सोडून देतात. नवरा होता तोवर त्याने तोडू दिलं नाही, आणि तो गेल्यावर मी दर वर्षी म्हणायची, यंदा कुऱ्हाड लावते. त्या झाडाची सगळी फळं मी पोत्यात ओतली, वर आठ-दहा लाल सफरचंदं शोभेला ठेवली आणि तोंड बांधून टाकलं. मनात म्हटलं, घे तुझी स्वतःची चिचा.

मेदानाला सगळं बेट आलं. यास्नाने जेवण चोख केलं होतं. कोकराचं मांस, कालवं, शेगडीवर भाजलेले बटाट्याचे मिल्काओ, काही म्हणून कमी नव्हतं. अंगणात अकरा घरांची पोती उभी होती, माझं बारावं. ती प्रत्येक पोत्याजवळ गेली, आभार मानले, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. हात कोपरापर्यंत आत घालून तळातलं एक सफरचंद काढलं आणि चावून पाहिलं. प्रत्येक पोत्यातलं. मग ती माझ्या पोत्याशी आली. तिने चावा घेतला, गाल आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

"छान आहेत, सासूबाई," ती म्हणाली. म्हणजे, जीभ सुटल्यावर म्हणाली.

मी मनात म्हटलं, या बाईला चव कशाशी खातात हे ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी कुटणीला शेजारीपाजारी आले. लाकडाच्या लांब डोणीत सफरचंदं टाकून चौघांनी चार काठ्यांनी कुटायची, गाणी म्हणायची, मध्ये मध्ये घोट घ्यायचा, हे आमचं आवडतं काम. यास्नाने मात्र आधी डोण उकळत्या पाण्याने धुतली, काठ्या धुतल्या, आणि सगळ्यांना हात धुवायला लावले.

बाउदिलियो ओरडला, "अगं पोरी, सफरचंदं कुटायचीयत. बाळंतपण नाही करायचं!"

"तुम्ही हात धुवा, बाउदिलियोभाऊ," ती म्हणाली. "बाळंतपणालासुद्धा तुम्हाला असं कुणी आत घेणार नाही."

त्याची बायको क्लोरिंदा इतकी हसली की तिच्या हातातली काठी सुटली. पोरीने एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोक्यावरून नेली. कुणाचीही पोती एकत्र केली नाहीत. एकेक पोतं वेगळं कुटलं, वेगळं पिळलं, आणि प्रत्येक रस छोट्या छोट्या पिंपांत ठेवून त्यावर खडूने खुणा केल्या. नोल्बेर्तो सांगायचा, ती रोज सकाळी उठून पिंपांना कान लावते, चमच्याने चाखते, वहीत लिहिते. जूनमध्ये तिने याच्यातलं थोडं, त्याच्यातलं थोडं करत एक मोठं पिंप भरलं. उरलेलं व्हिनेगराला दिलं.

जुलैत नोल्बेर्तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा पिऊन झाला, पाव खाऊन झाला, तरी उठेना.

"बोल आता," मी म्हटलं. "तोंडात काय धरून बसलायस?"

"आई, वाल्दिव्हियाच्या भट्टीने यास्नाला परत बोलावलंय. मलाही तिथे गोदीत काम मिळेल."

"मग?"

"ती म्हणते, सणापर्यंत बघू. या वर्षीही दाराशी उभं राहायचं असेल तर तिला इथे राहायचं नाही. तीन वर्षं झाली, आई. अजून लोक तिला वाल्दिव्हियाची पोरगी म्हणतात. तूसुद्धा."

मला एकच मुलगा. तो गेल्यावर भांडी घासत बसले आणि एक बशी फोडली.

स्पर्धेच्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास. परीक्षकाचा जग नसतो, पण बाकी अकरा घरं आणि यास्ना धरून टेबलावर बारा जग होते, बारा पेले, आणि नंबरांच्या चिठ्ठ्या. मी बसायच्या आतच बाउदिलियो, सलग सहा वर्षं जिंकणारा आमचा राजा, खुर्चीत रेलून म्हणाला, "सून स्पर्धेत आणि सासू परीक्षक. वा! आम्ही घरी गेलो तर चालेल का?"

"बाउदिलियो," मी म्हटलं, "सहा वर्षं तुला पहिला नंबर दिला, तेव्हा तू माझा कोण लागत होतास?"

मी पावाचा तुकडा खाल्ला, पाण्याने चूळ भरली आणि सुरुवात केली.

एक नंबर मान्सिया. दोन नंबर चिगुआय म्हातारी, धूर यंदा जास्तच. तीनमध्ये आंबटपणा चढलेला, पिंपाचं झाकण सैल राहिलं असणार. चार नंबर बाउदिलियो, आणि खरं सांगते, उत्तम होती. मधासारखी. मी अठरा गुण लिहिले, वीसपैकी. पाच, सहा अशातशाच.

सात नंबरचा पेला उचलला आणि नाकाशी नेला. उतारावरची बाग, मी मनात म्हटलं, बाउदिलियो. पण बाउदिलियो तर चार नंबर होता. पुन्हा हुंगलं. आता समुद्र आला, मान्सियांचा. मग ओल्या गवताचा वास, तो तर शाळेमागच्या बागेचा. असं कधी झालं नव्हतं. एका पेल्यात मला सगळं बेट भेटत होतं आणि एकही घर ओळखू येत नव्हतं. मी घोट घेतला.

रंग स्वच्छ, बुडबुडे बारीक. आधी आंबट आलं, मग मागून हळूच गोड, आणि मला वाटलं आता संपणार, पोकळ पडणार. पडलं नाही. खालून एक तुरटपणा वर आला आणि त्याने सगळं नीट धरून ठेवलं. जीभ किंचित टाळ्याला चिकटली. ही चिकटण्याची तऱ्हा मला ठाऊक होती. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याने गंमत म्हणून त्या झाडाचं फळ मला खायला दिलं होतं. चाळीस वर्षांत ती चव मी विसरले नव्हते. ती माझ्या डुक्करवाड्यामागची होती.

पेला खाली ठेवायचंच विसरले. लोक म्हणाले असतील, मावशी म्हातारी झाली.

मी उरलेले पाच पेले चाखले, गुण लिहिले. सात नंबरपुढची जागा मोकळी ठेवली. मग पुन्हा एक घोट घेतला. चूक शोधत होते, खोटं कशाला बोलू? काहीतरी सापडावं, म्हणजे चार नंबर पहिला देऊन मोकळं होता येईल आणि कुणी माझ्या पोत्याबद्दल विचारणार नाही. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, हिला पहिला नंबर दिलास तर तुझं पोर इथे राहील, म्हणून तर तुला ती चांगली लागत नाही ना? दोन्ही मनांना बाजूला सारलं आणि तिसरा घोट घेतला. बावीस वर्षांत असा पेला माझ्यापुढे आला नव्हता. मी वीसपैकी वीस लिहिले. आजवर कुणाला दिले नव्हते.

मग उभी राहिले आणि नावं सांगितली. एकपासून सहापर्यंत टाळ्या पडल्या. "सात नंबर," मी म्हटलं, आणि पेला उचलून धरला. "सात नंबर यास्ना. आणि पहिला नंबरही सातच."

ओर्फेलिना मास्तरणीने पाकीट फोडलं, यादी पाहिली आणि मान हलवली. बरोबर. मग बाउदिलियो उठला.

"नियम वाचा," तो म्हणाला.

मास्तरणीने चष्मा लावला. "चिचा स्वतःच्या घरच्या सफरचंदांची असावी."

"हिच्या घरी झाड आहे का? एक तरी?"

"मेदानात दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते," मी म्हटलं. "तुझ्या बापाने कोंबड्यांचं मेदान घातलं होतं, तेव्हाच्या कोंबड्या तू परत केल्यास का?"

लोक हसले. पण बाउदिलियो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो सगळ्यांकडे वळला आणि आवाज चढवून म्हणाला, "ठीक आहे, सफरचंदं तिची. पण ती वाढवली कुणी? आपण सगळ्यांनी आपापल्या बागेतला निवडक माल तिला दिला. मी माझ्या उतारावरची उत्तम, हाताने तोडलेली दिली. बारा बागांची निवडक सफरचंदं मिळाली तर कुणीही असली चिचा करेल! यात त्या पोरीचं काय? मान बेटाचा आहे. तिने आपला जग घेऊन घरी जावं."

आणि हॉलमधल्या सगळ्या माना हलल्या. हो, हो, निवडकच दिली. मान्सिया भाऊ म्हणाले, आम्ही तर विकायला पेटीत भरलेली दिली. चिगुआय म्हातारी म्हणाली, मी पुसून दिली. मी सगळ्यांची तोंडं पाहत होते आणि मला एकाएकी उमगलं. कुणीही माझ्या नजरेला नजर देत नव्हतं. त्या पेल्यात मला बाउदिलियोचा उतार लागला होता, पण त्याची मधासारखी गोडी कुठे होती? मान्सियांचं मीठ होतं, पण त्यांच्या पेटीतल्या सफरचंदाचा वास नव्हता. जिभेवर होतं ते सगळं आंबट, कडक, तुरट. प्रत्येक जण समजत होता की आपण एकट्यानेच रद्दी दिली.

यास्ना दाराशी उभी होती. अंगात कोट होता, बटणंसुद्धा लावलेली. नोल्बेर्तो तिच्या शेजारी, आणि तो माझ्याकडे बघत होता.

"मी काय दिलं ते सांगते," मी म्हटलं.

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण सगळे माझ्याकडे वळले.

"मी डुक्करवाड्यामागच्या झाडाची फळं दिली. जी डुकरं खात नाहीत ती. वर दहा लाल ठेवली, लाज झाकायला. माझ्या स्वतःच्या सुनेला दिली, कारण मला तिचा राग आला होता. माझ्यासारखी बाई असं वागली, याची मला शरम वाटते. आता बाउदिलियो, तुझी उतारावरची निवडक सफरचंदं मला या पेल्यात लागत नाहीत. मला तुझ्या कुंपणाची आंबट लागतात. माझी जीभ चुकत असेल तर सांग. बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकले असं मी इथेच कबूल करते."

बाउदिलियोचा चेहरा बीटासारखा झाला. त्याने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी क्लोरिंदा बोलली.

"कुंपणाचीच होती," ती म्हणाली. "स्वतः वेचली यांनी, खाली पडलेली. मी म्हटलं अहो, निदान किडकी तरी काढा."

हॉल असा फुटला की छपरावरचा पाऊस ऐकू येईना. मान्सियांतला धाकटा पोट धरून म्हणाला, "आमची वासरांना घालायची होती!" चिगुआय म्हातारी म्हणाली, "मी पुसून दिली हे खरं, पण ती गेल्या वर्षीच्या रोगट झाडाची." एकामागून एक सगळे उठून सांगायला लागले. आणि गंमत बघा, थोड्या वेळाने त्याचाच अभिमान सुरू झाला. "तो आंबटपणा आहे ना पहिला, तो आमचा." "आणि तो गवताचा वास? तो कुणाचा मग!" जो तो सात नंबरचा जग मागायला लागला, आपली रद्दी चाखून बघायला.

मी हात वर केला. "आपण सगळ्यांनी मिळून हिला कचरा दिला," मी म्हटलं. "आणि हिने त्याची ही चिचा केली. आपल्यापैकी कुणी केली असती का? मी केली नसती. चाळीस वर्षं ते झाड माझ्या दारात आहे, मला जमलं नाही. मान तिचा आहे. आणि आजपासून तिला वाल्दिव्हियाची पोरगी म्हणायचं नाही. ती यास्ना, माझी सून, सात नंबरवाली."

ओर्फेलिना मास्तरणीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाउदिलियोने सगळ्यांत शेवटी वाजवल्या, पण वाजवल्या. यास्नाने कोटाची बटणं काढली. तेवढं मला दिसलं. मग डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून नीट दिसेना.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघी चढणीने माझ्या घराकडे निघालो. नोल्बेर्तो जग घेऊन पुढे गेला होता. मी माफी मागायला शब्द जुळवत होते. मला ते काम येत नाही, सवयच नाही.

"यास्ना," मी म्हटलं, "त्या पोत्याचं..."

"सासूबाई," ती म्हणाली, "मी पहिल्याच वर्षी ते झाड पाहिलं होतं. डुकरांना खायला घालायला आले होते तेव्हा. एक फळ चाखलं आणि रात्रभर झोप लागली नाही. वाल्दिव्हियात माझा उस्ताद म्हणायचा, गोड सफरचंदाची चिचा पोकळ होते, तुरट झाड मिळालं तर पाय धरून माग."

मी थांबले. "मग मागितलं का नाहीस?"

"मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतं?" तिने विचारलं. "तुम्ही म्हणाला असता, लोक काय म्हणतील, एर्मिंदाची सून डुकरांचं उष्टं कुटते? आणि दुसऱ्या दिवशी झाडाला कुऱ्हाड लावली असती. शिवाय तुम्ही स्वतःच मला लाल सफरचंदं द्यायला आलात. ती घेतली असती तर संपलंच होतं." तिने ओठ चावला, पण हसू दाबलं गेलं नाही. "मग तुम्हाला राग आणणं भाग होतं."

"आणि बाकीचे?"

"मेदानात लोक नको असलेलंच आणतात, हे मला क्लोरिंदावहिनीने सांगितलं होतं. मला अकरा घरांचं तेच हवं होतं."

चढणीच्या मध्यावर उभी राहून मी तिच्याकडे बघत राहिले. सबंध बेटाला चवीवरून ओळखणारी मी, आणि या पोरीने माझा कंजूषपणा, माझा राग, माझा ताठा सगळं आधीच चाखून, मोजून पिंपात घातलं होतं. संतापायला हवं होतं. मी इतकी हसले की कुंपणाला धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाउदिलियो दारात हजर. टोपी हातात, नजर डुक्करवाड्याकडे.

"एर्मिंदा," तो म्हणाला, "त्या वाकड्या झाडाची एखादी फांदी मिळेल का? कलम बांधावं म्हणतो."

"सुनेला विचार," मी म्हटलं. "झाड तिचं आहे."